खुर्चीची बॅटरी

वादळाच्या आदल्या दिवशी पोन्सेत
पाणी, पाव, मेणबत्त्या संपल्या.
मी खुर्ची चार्ज करून घेतली, काठोकाठ.

नगरपालिकेच्या यादीत माझं नाव आहे.
फोनवरची मुलगी म्हणाली, गाडी पाठवू,
पण खुर्ची नाही घेता येणार, फक्त तुम्हाला.
फक्त मी म्हणजे किती,
हे तिला विचारायचं राहून गेलं.

रात्रभर खिडकीच्या पत्र्यावर कुणीतरी दात खात होतं.
मी न्हाणीघरात,
मांडीवर एउलोहिओच्या पोपटाचा पिंजरा.
पोपट एकच म्हणत राहिला : कॉफी, कॉफी.

सकाळी लिफ्ट मेलेली. खाली चार जिने.
कुणाची तरी होडी रस्त्यात येऊन पडली होती म्हणे.
मी ती ऐकली फक्त.

तिसऱ्या दिवशी दार वाजलं.
नेरेइदा, तुझ्या खुर्चीला ते भोक आहे ना, फोनचं?
लेकीला कळवायचंय, जिवंत आहे, एवढंच.

मग रांगच लागली.
रॅम्पच्या अर्जावर ज्यांनी सही दिली नव्हती
तेही आले, वायरी गुंडाळत.
मी हिशेब शिकले :
एक फोन म्हणजे बाल्कनीची एक फेरी.
ऑर्लँडोची लेक म्हणजे
संडासापर्यंत जाणं,
येणं नाही.

शेवटची लाल रेघ विझली.
प्रोविदेन्सियाबाई मागून ढकलू लागल्या.
खुर्ची ढिम्म.
म्हटलं, आधी खाली वाका,
चाकाजवळचा पिवळा खटका सोडवा.

त्या गुडघ्यांवर बसल्या, चाचपडत राहिल्या.
इतक्या वर्षांत पहिल्यांदाच
मला त्यांचा भांग दिसला.