रिकाम्या तराजूचा काटा

बाबा वजनमापे खात्यात होते.
मखमलीच्या खाचांत पितळी वजनं,
अर्ध्या किलोपासून ग्रॅमपर्यंत उतरत गेलेली.
ती चिमट्यानंच उचलायची.
बोटाचा घामसुद्धा कुणाच्या तरी हिशेबात चढतो, म्हणायचे.

शनिवार पाळणारं घर सांगलीत आमचं एकच.
शेजारच्या काकू विचारायच्या, तुमचा देव नेमका कुठला?
आई म्हणे, तोच. फक्त त्याचा फोटो नाही.
सणाला मिरजेहून रात्रीची गाडी,
पुण्याला, रास्ता पेठेतल्या मशिदीत.
आम्ही प्रार्थनालयाला मशीदच म्हणत आलोय,
वर्गात हे समजावता समजावता तास संपायचा.

फडताळात डालड्याचा डबा, झाकणाला चीर.
त्सदाका.
दान म्हणू नकोस, बाबा सांगायचे,
दान मनात आलं तर देतात.
हे देणं आहे, दूधवाल्याच्या बिलासारखं.
शुक्रवारी दिवे लावण्याआधी
आईचा हात डब्याकडे जाई, मग काडेपेटीकडे.

कोंडाबाईची मजुरी दिवस मावळायच्या आत.
एकदा राहिली, तर छत्री घेऊन
संजयनगरपर्यंत चालत गेले.
ती म्हणाली, साहेब, उद्या दिलं असतं तर काय झालं असतं?
हे म्हणाले, स्वयंपाक तर आजचाच आहे ना.

मग ती वखार. गणपती पेठेत.
हळदीनं भिंती पिवळ्या, हमालांच्या पापण्या पिवळ्या.
बाबांनी आधी रिकामा तराजू पाहिला.
काटा मध्यावर नव्हता.
मालक हसला, केसभरच आहे की हो.
बाबांनी विचारलं, केस कुणाचा?
आणि शिशाचं सील ठोकलं.
हमालांना मजुरी वजनावर मिळायची.
क्विंटलमागे दीड किलो ते फुकट वाहत होते,
किती वर्षं, कोण जाणे.

पंधरा दिवसांत बाबांवरच चौकशी लागली.
आठ महिने अर्धा पगार, तोही कधी यायचा, कधी नाही.
आईच्या बांगड्या मारुती रोडला जाऊन आल्या नाहीत.

चौथ्या महिन्यात, रात्री, पायरीवर धप्प आवाज.
मी उठले. बाबा म्हणाले, दार उघडू नकोस.
खिडकीतूनही नाही.
जो तोंड लपवून देतो, त्याचं तोंड बघायचं नसतं.
सकाळी पाहिलं तर तांदूळ. पोतंभर.
बाबांनी मापटं घेतलं,
नऊ मापटी पिंपात, दहावं कागदाच्या पुडीत.
कोंडाबाईच्या सुनेला, ती बाळंतीण होती.

मी तेरा वर्षांची, जीभ तिखट.
अहो, आपल्यालाच कुणीतरी दिलंय!
हो, म्हणाले, पुडीचा दोरा दातानं तोडत,
घेणाऱ्यालाही द्यावं लागतं.
गरीब झालो म्हणून एवढी सूट मिळत नाही.
तेव्हा मला त्यांचा राग आला होता.
अजूनही थोडा येतो, तांदूळ निवडताना.

पोत्याची शिवण मात्र मी पाहून ठेवली होती.
तिरपी, उलट्या बाजूला झुकलेली, शेवटी दुहेरी गाठ.
पुढं सोळा वर्षांनी सौद्यात उभी होते,
आणि समोर शिदू ऐवळे पोत्याचं तोंड शिवत होता,
डाव्या हातानं.

त्यानं दाभण थांबवलं.
झिराडकर सायबांची न्हवं का तू?
हो.
बरं हाय न्हवं समदं?
बरं आहे.
एवढंच. खूप काही घशाशी आलं होतं,
पण मी नजर त्याच्या चेहऱ्यावरून काढली
आणि सुतळीवर ठेवली.

आता काटे राहिले नाहीत, आकडे आलेत.
भाजीवालीला मी अजून सांगते,
बाई, आधी रिकामा दाखव.
ती हसते, पिशवी उचलते.
शून्य. लाल.
तरी मी थांबते,
केसभर.