बदली माणूस येईपर्यंत

पत्र आलं ते आर्विडच्या नावानं.
नियमच तसा: ज्याला काढायचं, त्याला कळवायचं.
त्यानं ते उलटंसुलटं पाहिलं,
दुमडून दुमडून होडी केली
आणि सुपाच्या वाडग्याशेजारी नांगरली.

घडीवर अर्धवट दिसत होतं:
'तीस दिवसां', 'इतरांच्या सुरक्षि',
आणि शिडाच्या जागी 'कर्मचाऱ्यास इजा'.
तो कर्मचारी मी. होदान.
इजा म्हणजे मनगटावर चार बोटं,
गुरुवारपर्यंत निळी, मग पिवळी, मग काही नाही.
तक्रार कर, असं मला कुणी म्हटलं नव्हतं.
फॉर्म भरलेलाच आला,
सही तेवढी माझी.

एकतीस वर्षं त्यानं डुलुथचा पूल उचलला.
सरोवरातून जहाज भोंगा द्यायचं,
हा खटका ओढायचा
आणि अख्खा रस्ता वर जायचा, गाड्या ताटकळत.
आता पहाटे तीनला बर्फ खरवडणारा ट्रक जातो
आणि हा उठून दाराचा दांडा ओढू लागतो.
मध्ये मी आले.
जहाज काय थांबतंय कुणासाठी!

लोर्नानं होडी उलगडली,
तळहातानं इस्त्री केल्यासारखी सपाट केली.
शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरांत
अपिलाचा नंबर.
आणि 'कुठे पाठवणार' या रकान्यात
तिचाच पत्ता.
तिसरा मजला, लिफ्ट नाही,
रात्री ती बेकरीत.
"मला विचारलं कुणी?" ती मलाच विचारत होती.

सुनावणी फोनवर झाली,
फोन मिठाच्या डबीला टेकवून.
संचालक बोलले, बराच वेळ.
लोर्नाच्या बाजूच्या वकीलबाई थोडक्यात बोलल्या.
मग मला: त्यांनी मारलं?
धरलं, मी म्हटलं. घट्ट धरलं. मारलं नाही.
संचालकांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, लावलं.

"मिस्टर कोस्केला, आपण कुठे आहात, ठाऊक आहे?"

"ड्यूटीवर," आर्विड म्हणाला.
"बदली माणूस आलेला नाही.
तोवर खोली सोडता येत नाही.
तुमच्या पुस्तकात नसेल, तर लिहून घ्या."

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं.
निकाल पोस्टानं येईल म्हणाले.

मी त्याचे बूट काढले.
बाहेर सरोवर गोठलेलं,
वसंतापर्यंत एकही जहाज नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.
आज तीन वाजता मी दारात नाही,
त्याच्या शेजारी उभी राहीन.
खटका कुठला, विचारीन.