डावा हात

अजमानच्या खोलीत, वरच्या बंकवर,
केळस्करच्या तडकलेल्या मोबाईलवर
काल एक सिनेमा पाहिला. काळा-पांढरा,
नव्वद वर्षांचा, कुणी नाव न घेतलेला.

बुडालेल्या खलाशाचा जीव
एका टायपिस्ट पोरीत शिरतो.
डोळे पांढरे होत नाहीत, केस सुटत नाहीत,
ना लिंबू, ना भगत.
ती चहाचा कप
डाव्या हातानं उचलते.

तेवढंच.
एसीच्या घरघरीत माझ्या अंगावर सरसरून काटा.

आमच्याकडे वारं आलं की बाई घुमते,
अख्ख्या वाडीला ऐकू जातं.
ही मात्र दारावरच्या पाटीपाशी थांबून
स्वतःचंच नाव
अक्षर लावत लावत वाचते.
काय काम केलंय पोरीनं!
शेवट गुंडाळलाय, ते सोडा.

पहाटे चारला बस.
डांगरीच्या खिशावर अजून
आधीच्या माणसाचं नाव शिवलेलं: इद्रिस.
तो कुठे गेला, कुणी सांगत नाही.
बाही त्याच्या कोपराशी वाकलेली,
माझा हात तिथेच वाकतो.

फोरमन ओरडतो, "इद्रिस!"
मी "जी" म्हणतो,
आणि पाना कुठल्या हातात आहे
ते बघत नाही.