नारिंगी टाका

बुधवारी माझी सुट्टी. दुपारी बाराचा खेळ.
कुशिरोत धुकं एवढं
की मॉलची पाटी थेट तिच्याखाली उभं राहून वाचली.
तिकीट अठराशे येन, सोबत कागदी पंखा फुकट:
अकरा पथकं, पंचावन्न चेहरे,
आणि आमचं तिसरं पथक
लग्नाच्या फोटोतल्या दूरच्या मामासारखं
काठावर, कानापाशी कापलेलं.

आधीच सांगतो, सिनेमा काही खास नाही.
खलनायक म्हणजे एक काळं ढेकूळ,
ते का आलंय हे त्यालाही ठाऊक नसावं.
मग काळाला भोक पडतं
आणि अडतीस वर्षांचे कंदीलवाले
एकामागून एक बाहेर येतात,
शेवटच्या बसमधून पाय अवघडून उतरावेत तसे
(मी बस चालवतो, मला दुसरी उपमा सुचत नाही).
जो तो आपापली आरोळी ठोकतो.
पहिल्या पथकाला ढोल, सातव्याला पाऊणएक गाणं,
अकराव्याला तर अख्खा मध्यंतरापुढचा भाग,
खेळणी त्यांचीच खपतात ना.
बाकी सगळी खोगीरभरती.
हॉलमध्ये आम्ही नऊ जण. एक घोरत होता.

तिसरं पथक सव्वीस भागांत गुंडाळलं होतं.
शेवटी शेवटी तर पहाटे साडेपाचला दाखवायचे,
खेकड्यांच्या बोटी धक्क्याला लागायच्या वेळी.
हिसाओ आणि मी एका रजईत,
आवाज एकवर,
जिवाचा कान करून.
सेनरी सगळ्यांत मागे चालायची,
तिचा कंदील कधी पेटलाच नाही.
शेवटच्या भागात तिचा हिरवा हातमोजा फाटतो
आणि ती तो शिवते, बर्फात बसून,
नारिंगी दोऱ्याने, कारण तिच्याकडे तोच असतो.
बस, एवढंच.
त्यावर कुणी काही बोलत नाही. भाग संपतो.

आम्ही आईच्या मागे लागलो:
आमचेही मोजे शिव, नारिंगी दोऱ्याने.
ती म्हणाली, आधी फाटू तरी देत.
हिसाओने तिथल्या तिथे फाडला.

तर, सिनेमात सेनरीला मिळाले चार सेकंद.
मी मोजले; थांब्यांवर मोजायची सवय आहे मला.
ती भोकातून येते, वळते,
कंदील वर करते,
आणि एक प्रकाशाचा लोट तिला पुसून जातो.
संवाद नाही. नावही नाही.
पण डाव्या अंगठ्याच्या मुळाशी
तीन टाके.
नारिंगी.

कुणी सांगितलं होतं काढायला?
कुणी तपासणार होतं?
कुठल्या तरी स्टुडिओत, रात्री दोनला,
थंड झालेल्या नूडल्सशेजारी
कुणीतरी रंगांच्या डबीतून तो एक रंग शोधला असेल.
तोही उठला असेल तर पहाटे साडेपाचला,
ती असेल कदाचित,
कुठल्याशा गावात, आवाज एकवर,
आणि मला वाटत होतं
अख्ख्या देशात आम्ही दोघंच जागे होतो.

नावं वर सरकत गेली, शेकड्यांनी.
मी प्रत्येक नाव वाचायला बघत होतो,
समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे धुक्यात बघतो तसा.
हॉल उजळला. झाडूवाली मुलगी
माझ्या रांगेच्या टोकाशी थांबून राहिली.
तिला वाटलं असेल, माणूस रडतोय.
तिचं चुकलं नव्हतं.

रात्री नागोयाला फोन लावला.
हिसाओ टायर विकतो तिकडे.
म्हणाला, कोणता टाका?
म्हटलं, सेनरी. हातमोजा. बर्फ.
म्हणाला, दादा, उद्या सकाळी माल यायचाय.
मी ठेवणारच होतो,
तेवढ्यात पलीकडून:
थांब. तिने मला त्या दिवशी मारलं होतं ना?
आणि मग तसाच, माझ्यासमोर, शिवून दिला?
हो, म्हटलं. कोणत्या दोऱ्याने?
तो बराच वेळ गप्प.
निळ्या, म्हणाला. घरात निळाच होता.
मला ते आठवत नव्हतं.

आज पहाटेची फेरी.
स्टिअरिंगवर कंपनीचे पांढरे हातमोजे,
शिवण दिसू नये असे शिवलेले.
शनिवारचं तिकीट काढून ठेवलंय.
अठराशे भागिले चार,
सेकंदाला साडेचारशे येन.
महाग नाही.