विषय : तळमजल्याबाबत

बी विंगमधले अर्ज मीच लिहिते.
अक्षर बरं आहे म्हणून,
आणि बाबांच्या झेरॉक्सच्या दुकानात कोरे कागद फुकट.

चौथ्या मजल्यावरच्या जुलेखाबीचा हा सहावा.
डावा पाय लहानपणीच गेला, उजवा आता जायलाय.
पायऱ्या बहात्तर.
ती बसून उतरते,
एकेक, रांगत्या लेकरागत,
पदर दातांत धरून.

लिफ्टची जागा आहे आमच्याकडं.
चार मजल्यांचा उभा अंधार,
त्यात पारव्यांची पिसं
आणि पोरांचे गेलेले चेंडू.
नकाशात तिथं सुवाच्य लिहिलंय : लिफ्ट.

जालन्यात नळ येतो दहाव्या दिवशी.
तेव्हा तिचा हंडा जो चढवील तो.
कधी मी, कधी सोनकांबळ्यांचा राहुल्या.
कधी हंडा खालीच.

तळमजल्याची सात नंबरची खोली
दोन वर्षं कुलपात आहे.
आत मंडपाच्या खुर्च्या,
एकीच्या मांडीवर एक, निवांत.
अध्यक्ष म्हणाले,
"गेटासमोरची खोली आहे ती, माणूस बघून द्यावी लागते."
काय बघून, ते काही बोलले नाहीत.
जुलेखाबीनं विचारलंही नाही.
तिला ते पाठ होतं.

पाच अर्ज मी चालीवर लिहिले :
मेहेरबान साहेबांच्या सेवेशी,
गरीब, अपंग, निराधार बाई,
तरी कृपा व्हावी ही नम्र विनंती.
पाचांवरही पोचेचा जांभळा शिक्का बसला.
गोल. आत तारीख.

काल म्हणाली,
"बेटी, ये कृपा निकाल.
चिठ्ठी में नाम निकला था मेरा,
सबके सामने. भीक मत लिख."

मग मी कचेरीत जाऊन नियम उतरवून आणला.
वाटलं होतं, पानभर असेल.
दीडच ओळ.
ज्याला चढता येत नाही त्याला तळमजला आधी,
जात-धर्म बघून कुणाला नाही म्हणता येणार नाही.
दीड ओळ, आणि पाच अर्ज
आम्ही साहेबाच्या पाया पडत होतो.

विनंती खोडलं. मागणी लिहिलं.
पेन अडला जरा, त्याला सवय नव्हती.
खाली सही : जुलेखाबी मौलासाब शेख,
खोली नंबर...
तिथं ती थांबली.
"चौतीस लिखूं, के सात?"

उत्तर मला आलं नाही.
कागद तिनं माझ्या हातातून घेतला,
घडी घातली,
आणि पहिल्या पायरीवर बसली.
पदर या वेळी सुटा होता.
दातांत अर्ज.