आणि इतर

'गंज'च्या पहिल्या कॅसेटवर चौघांचे चेहरे आहेत,
अर्धे अंधारात, तेव्हा काढायचे तसे.
आतली घडी उलगडली की अगदी तळाला
मुंगीएवढ्या टायपात:
विशेष आभार – व. वि. वाळिंबे आणि इतर.

त्यातलं 'आणि इतर' माझ्या हातचं.

मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला.
वाळिंब्यांनी महिना दीडशेवर ठेवलेलं,
एक लांबोळकी वही पुढे सरकवून म्हणाले,
पोरांना सूर कळतात, आकडे तू बघ.
स्वतः दिवसा विम्याच्या कचेरीत,
संध्याकाळी डेक्कनच्या चौकीत
ध्वनिक्षेपकाचा अर्ज घेऊन, तीन प्रतींत.
साहेब विचारायचे, भजन आहे का?
भजनासारखंच, वाळिंबे म्हणायचे, जरा मोठ्यानं.
त्यांना ते संगीत शेवटपर्यंत आवडलं नाही.
कानात कापूस घालून मागच्या रांगेत उभे,
आणि दहाला पाच कमी असताना
हातातली बॅटरी दोनदा उघडमीट:
आवरा.
लोकांना वाटायचं, तीही रोषणाईच.

सराव नारायण पेठेत, चिंचवड्यांच्या गिरणीत,
रात्री नऊनंतर, पट्टा उतरवला की.
त्या गल्लीला घरघरीची सवय होती,
कुणी तक्रार केली नाही.
ड्रमवर पीठ बसायचं. कॉलेजच्या मैदानावर
केर्सीनं पहिला ठोका मारला आणि पांढरा ढग उठला.
पेपरात आलं: धुराचा कल्पक वापर.
ज्वारीचं होतं.

अ‍ॅम्प्लिफायर हुसैनी लोखंडवालाचा, रविवार पेठेतला,
गणपतीत मंडळाकडे, उरलेलं वर्ष आमच्याकडे.
डाग देताना तो तारेशी बोलायचा,
बस बेटा, बस, झालं.
टेम्पो पोपट ढमढेरेचा.
साताऱ्याहून येताना खंबाटकीत ब्रेक गेले तेव्हा
त्यानं आधी गिटारं उतरवली, मग माणसं.
त्याचे पंच्याऐंशी रुपये पान बावीसवर
अजून बाकी आहेत.
कॅम्पातली ऑड्री पोस्टरं कापायची,
तिच्या खळीच्या डब्यात दोनदा माझी वेणी बुडाली.

अप्पा बळवंत चौकातला छापखाना. प्रूफ आलं,
अकरा नावं होती.
नगरकर म्हणाले, घडी इथं बसते बाई,
एवढी नावं म्हणजे कागद मोठा,
शेकड्यामागे चाळीस जादा.
वाळिंबे नाशकात होते, फोन लागेना.
मी लाल पेन उघडलं.
पोपट. हुसैनी. ऑड्री. गिरणीवाले.
पाण्याचे पिंप आणणारा तो दामू, त्याचं आडनाव
तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं.
शेवटी माझं.
जमेच्या बाजूला लिहिलं: बचत.
तो आकडा फार सुबक आला होता.

वाळिंब्यांनी छापील कागद चष्म्याजवळ धरला,
नोटा मोजाव्यात तसं ओठ हलवत राहिले.
तुझंही काढलंस, एवढंच म्हणाले.
शाबासकी होती की काय,
मला अजून ठरवता आलेलं नाही.

परवा बाणेरला त्यांचा तिसाव्या वर्षाचा कार्यक्रम.
तिकीट चार हजार, मी काढलं.
गायक आता गुडघ्याला पट्टा बांधतो.
मध्येच थांबून म्हणाला,
आमच्या मागे जे उभे राहिले, त्यांच्यामुळे आम्ही.
आणि वळून मागे हात केला.
मागे भिंतभर पडदा होता,
त्यावर तोच, दहापट,
मागे वळून हात करणारा.
टाळ्या पुष्कळ पडल्या.

दहाला पाच कमी होते.
मी पर्समधून फोन काढला,
डोक्यावर धरला,
टॉर्च दोनदा उघडमीट केला.

शेजारचा मुलगा वाकून म्हणाला,
काकू, तेवढं बंद करा ना,
व्हिडिओत येतंय.