धार सोडून

हेरवाडे सरांनी कागद पसरला,
मिरजेच्या आमच्या दुकानात, भोपळ्याच्या भुश्यावरच.
पाच बाणांची टोकं, पेन्सिलीनं काढलेली,
खाली मिलिमीटर.
"सहावं-सातवं शतक. गवताळ मुलखातले घोडेस्वार.
कॉलेजात मांडायचीत.
तुम्ही शिकलगार, म्हणून तुमच्याकडे आलो."

अब्बांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.
शिकलगार हे आता पाटीवरचं नाव.
पणजोबांनी शेवटची तलवार उजळली
आणि तंबोऱ्याच्या तारा ओढायला घेतल्या,
ते कुठल्या साली, घरात कुणाला धड सांगता येत नाही.
सहाणेचं चाक मात्र आहे.
त्यावर मी खुंट्यांचा डबा ठेवते.

पहिलं टोक तीन पात्यांचं.
हे उडताना गिरकी घेतं, म्हणून सरळ जातं, सर म्हणाले.
भोवऱ्याला ठाऊक आहे ते, अब्बा म्हणाले.
दुसरं चपटं, शंकरपाळ्यासारखं,
उघड्या अंगासाठी, घोड्याच्या छातीसाठी.
तिसरं दाभणासारखं, चौधारी,
चिलखताच्या कड्यांमधून आत शिरणारं.
चौथ्याला पुढं दोन सुळे, गलोलीच्या बेचक्यासारखे.
"कुणी म्हणतं पाखरांसाठी,
कुणी म्हणतं दोर तोडायला.
खरं कुणालाच माहीत नाही."
आवडलं मला, त्यांचं माहीत नसणं.

प्रत्येकाला मागं शेपूट, दांडीत खुपसायला.
"खुंटीसारखं," मी म्हटलं.
"खुंटी फिरली तर सूर जातो," अब्बा म्हणाले,
"हे फिरलं तर माणूस वाचतो."

पाचव्याच्या शेपटाभोवती
हाडाचं पोकळ लिंबू, त्याला तीन भोकं.
सुटला की वाजतो.
अब्बा कागदावर वाकले ते वाकलेच.

चार टोकं आठवड्यात झाली,
ट्रकच्या पाट्याच्या तुकड्यातून.
पाचव्याला महिना गेला.
घोडीसाठी राखलेलं उंटाचं हाड काढलं.
आमची घोडी, जिच्या पाठीवर तारा बसतात;
त्यांची गवत खाणारी.
भोक पाडायचं, ओठाला लावून फुंकायचं,
तंबोऱ्याच्या षड्जाशी ताडून पाहायचं,
मान हलवायची.

रविवारी स्टेशनमागच्या मैदानात
मगदुमांच्या संपदानं धनुष्य ओढलं.
कागदाच्या गोलाशिवाय तिनं कशावर नेम धरलेला नाही.
"कुठं मारू?"
"वर," अब्बा म्हणाले. "रिकाम्यात."

बाण ओरडत गेला.
कुत्री भुंकली, बाभळीवरचे बगळे एकदम उठले,
चेंडू टाकायला धावत आलेला पोरगा मधेच थांबला.
माझ्या मानेवर काटा.
आम्ही सगळ्यांनी वर पाहिलं;
तेव्हाही कुणीतरी पाहिलं असेल,
आणि सोडणाऱ्याला
तेवढंच हवं असेल.

अब्बांनी डोळे मिटले होते.
"श्रुतीभर उतरलाय," म्हणाले.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सर आले.
चारही टोकांवर अंगठा फिरवला.
"धार नाही, दस्तगीरभाई."
"मापं दिली होती तुम्ही. धार लिहिली नव्हती."
सरांनी कागद उलगडून पाहिला.
खरंच नव्हती.

पाचवा बाण त्यांना अजून मिळालेला नाही.
तिसरं हाड चालू आहे.